मिस्टर क्रॅडॉकचा जिना

"दार उघडू नका! काचसुद्धा खाली करू नका!" श्रीकांतमामा ओरडले.

सहा गीज गाडीला वेढा घालून उभ्या होत्या. बदकांपेक्षा चांगल्या दुप्पट मोठ्या, पांढऱ्याशुभ्र. माना लांब करून त्या नुसत्या फिस्कारत होत्या. एकीने तर मामांच्या नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या दारावर टक्‌ टक्‌ चोच मारून पाहिली.

"हाच तो प्लॉट," मामा काचेआडूनच म्हणाले. "इथे सहा बेडरूम्स. तिकडे सिनेमा रूम. मागे उन्हात बसायला पॅटिओ!"

मागच्या सीटवरून तीन डोकी बाहेर बघत होती. लंडनच्या पिनरची तेरा वर्षांची तनिषा, तिची दहा वर्षांची बहीण दिया, आणि स्लाऊहून आलेला त्यांचा बारा वर्षांचा मावसभाऊ देव. ईस्टरच्या सुट्टीत दोन आठवडे तिघंही मिल्टन कीन्सला मामा-मामींकडे राहायला आली होती. आणि पहिल्याच शनिवारी मामांनी त्यांना चौदा मैलांवरच्या नेदर हॅडवेल नावाच्या गावात आणलं होतं. गाव कसलं! एक चर्च, एक पब, एक बंद पडलेलं पोस्ट ऑफिस. तनिषाने फोनला सिग्नल नाही हे बघून एकदा तोंड वाकडं केलं होतं, आणि ते अजून सरळ व्हायचं होतं.

"आणि तो घर कोणाचा आहे?" देवने विचारलं.

"ते घर. कोणाचं," पुढच्या सीटवरून उल्कामामींनी सुधारलं.

"घर म्हणूच नकोस त्याला!" मामा हसले. "खोपटं आहे. पुढच्या शुक्रवारी कौन्सिलची सही झाली, की एका दिवसात साफ."

खोपटं खरंच बघण्यासारखं नव्हतं. बुटकं, लांबट. गंजलेल्या नालीदार पत्र्याचं छप्पर, आणि भिंतींवर खडे टोचलेलं करडं सिमेंट. आपल्या शाळेची सायकल-शेडही याहून बरी दिसते, असं तनिषाला वाटलं, आणि तिने ते बोलूनही दाखवलं.

"मामा, तुम्ही आत गेला होता का?" दियाने विचारलं.

"आत कशाला? विकत जमीन घेतलीये, ते नाही." मामांनी अंतर मोजायचं छोटं लेझर यंत्र देवकडे दिलं. "तू जा. गेटपासून कुंपणापर्यंत रुंदी माप. तू काटक आहेस."

"आणि गीज?"

"त्या... तू पळ काढशील."

तेवढ्यात खोपट्याचं दार उघडलं आणि एक म्हातारा बाहेर आला. उंच, वाकलेला, डोक्यावर कापडी टोपी. मिस्टर स्टॅन टॅपिंग. याच घरात जन्मलेले, एक्याऐंशी वर्षांचे, आणि आता महिनाअखेर घर रिकामं करायची नोटीस मिळालेले. त्यांनी गाडीकडे अशा नजरेने पाहिलं, की मामांनी नकळत सीटबेल्ट घट्ट केला.

"पुन्हा आलात?" ते खास तिथल्या गावठी इंग्रजीत ओरडले. "महिन्यात तिसऱ्यांदा! आणि अजून गाडीतच!"

देव, दिया आणि तनिषा घाबरत घाबरत उतरली. गीज सरसावल्या. दिया मागे सरकली, आणि सहांतल्या सर्वांत थोराड गीजने तिच्या पोटरीचा कचकन चावा घेतला.

"आई गं!"

"मागे सरकू नकोस!" टॅपिंग गरजले. "मिल्टन कीन्सच्या माणसांसारखी चालू नकोस! सरळ त्यांच्या अंगावर जा!"

दिया डोळे मिटून सरळ चालत गेली. गीज बाजूला झाल्या! सहाच्या सहा, अगदी रांगेत.

"हं," टॅपिंग म्हणाले. "मोठ्यांपेक्षा बरी आहेस. आत ये. पाय धू. तुम्हीही या दोघं. चिखल बाहेर झटका."

आत अंधार होता आणि धुराचा, मेणाचा, ओल्या कोटांचा वास येत होता. सगळीकडे पुठ्ठ्याची खोकी बांधून ठेवलेली. दियाचा पाय सिंकमध्ये गार पाण्याखाली धरून टॅपिंग काहीतरी पुटपुटत होते. तनिषा कंटाळून खिडकीकडे गेली आणि तिथेच थांबली.

खिडकीच्या कट्ट्यावर मांजर झोपलं होतं. शेपटी बाहेरच्या काचेला, आणि नाक खोलीच्या बाजूला. आडवं नाही, उभं! आख्खं मांजर भिंतीच्या जाडीत मावलं होतं.

"देव," ती हळूच म्हणाली. "ही भिंत बघ."

देवने लेझर यंत्र काढलं. आतली रुंदी चार मीटर नव्वद. मग तो बाहेर गेला, दोन्ही कोपऱ्यांमधलं अंतर मापून, गीजच्या अंगावर सरळ चालत परत आला.

"सहा मीटर वीस! म्हणजे एकेक भिंत पासष्ट सेंटिमीटर! पत्र्याच्या शेडला एवढा जाडा भिंत कशाला?" मग त्याने तेच टॅपिंगना इंग्रजीत विचारलं.

"पत्रा कुठे दिसला तुला भिंतीत?" टॅपिंग तुच्छतेने म्हणाले. पण पुढे काही सांगेनात. बाहेर मामांनी हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा, तीनदा.

"जा," टॅपिंग म्हणाले. "साहेबांचा वेळ जातोय."

* * *

घरी जेवणाच्या टेबलावर एक गुळगुळीत कागदांचा जाड रिपोर्ट पडला होता. नेदर हॅडवेलच्या जागेला इतिहासाच्या दृष्टीने काही मोल आहे का, हे पाडकामाआधी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं लागतं. मामांनी ते मिस्टर जाइल्स क्रॅडॉक नावाच्या तज्ज्ञाकडून तपासून घेतलं होतं. पहिल्या पानावर क्रॅडॉकसाहेबांचा फोटो होता. हनुवटी वर, नजर दूर कुठल्या तरी किल्ल्याकडे असावी तशी. नावापुढे पदव्यांची एवढी लांब शेपटी, की ती दुसऱ्या ओळीत वळली होती.

"ऐका," तनिषाने वाचायला सुरुवात केली. ती इंग्रजी वाचून मराठीत सांगत होती, कारण मामींची तशी अट होती. "'साधारण १९३० साली बांधलेली, कोणतंही ऐतिहासिक मूल्य नसलेली झोपडी. भिंती पातळ, लाकडी फळ्यांच्या, जाडी दहा सेंटिमीटर.'"

"दहा?" देव उडालाच.

"थांब ना! 'आम्ही प्रत्यक्ष भेट देऊन बारकाईने पाहणी केली. डाव्या हाताचा जिना अरुंद व डुगडुगता आहे. वरच्या मजल्याच्या मागच्या खिडकीतून कालव्याचं आणि रंगीत बोटींचं दृश्य दिसतं.'"

तिघं एकमेकांकडे बघत राहिली.

"जिना कुठे होता?" दियाने विचारलं. "मी तर सगळीकडे बघत होते. मला पाय दुखतो म्हणून बसायला जिना पाहिजे होता."

"आणि कालवा?" देवने नकाशा उघडला. "सर्वांत जवळचा कालवा सात मैलांवर आहे! या माणसाचे डोळे आहेत का दुर्बिणी?"

तनिषाने 'कालव्याचं आणि रंगीत बोटींचं दृश्य' हे वाक्य जसंच्या तसं कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधलं. दुसऱ्याच मिनिटाला दुसरा एक रिपोर्ट समोर आला. गाव वेगळं, कालव्याकाठचं. घर वेगळं. तारीख दोन वर्षांपूर्वीची. लिहिणारे तेच, मिस्टर जाइल्स क्रॅडॉक. आणि तोच अरुंद, डुगडुगता, डाव्या हाताचा जिना!

"कॉपी-पेस्ट!" तनिषा किंचाळली. "मी होमवर्कमध्ये एवढी चीटिंग केली असती, तर मला डिटेन्शन मिळालं असतं! निदान वाक्यं तरी बदलायची! तो आत गेलाच नाही!"

तिचं वाकडं तोंड एव्हाना कधीच सरळ झालं होतं.

मामा लॅपटॉपवर सिनेमा रूमच्या खुर्च्या निवडत होते. तिघांनी एकदम बोलायला सुरुवात केली, तसा त्यांनी हात वर केला.

"बस, बस. मिस्टर क्रॅडॉक पंचवीस वर्षं हेच काम करतात. आणि तुम्ही? परवापर्यंत तो घर, हा भिंत!"

"मामा, तुम्ही रिपोर्ट वाचलात?"

"शेवटचं पान वाचलं. निष्कर्ष तिथेच असतो."

"मग पहिली एकोणतीस पानं कोणासाठी आहेत?" दियाने अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

मामींना ठसका लागला. मामा रागावले. "आणि एवढ्या जाड भिंती म्हणजे मातीच्याच असणार, तर काय? मातीच्या घरातून बाहेर पडायला आपल्या आजोबा-पणजोबांची हयात गेली. मी इथे येऊन माती जपत बसू? विषय संपला!"

तनिषाने कौन्सिलच्या जुन्या इमारतींच्या अधिकारी हेलन ब्रूक्स यांना ईमेल पाठवली. लगेच उत्तर आलं. सगळी हरखली. उत्तरात लिहिलं होतं, 'मी बुधवारपर्यंत रजेवर आहे. आपला संदेश माझ्यासाठी महत्त्वाचा आहे.'

"हो, दिसतंच आहे," तनिषा म्हणाली.

* * *

मंगळवारी उल्कामामींची कामावरून सुट्टी होती. नाश्ता झाल्यावर त्यांनी गाडीची किल्ली हातात घेतली.

"चला," त्या म्हणाल्या. "मला तो नसलेला जिना बघायचाय."

टॅपिंगनी दार उघडलं, पण सरळ आत घेतलं नाही. "पुन्हा कशाला?"

"तुमच्या घराबद्दल एका माणसाने खोटं लिहिलंय," देव म्हणाला. "ते वाचून दाखवायला आलोय."

तनिषाने सगळं वाचून दाखवलं. टॅपिंग उभ्याउभ्याच ऐकत होते. बोटींपाशी पोचल्यावर त्यांच्या नाकपुड्या फुगल्या.

"बोटी!" ते म्हणाले. "त्या शहाण्याला म्हणावं, इथे बोट चालवायची तर आधी बादलीने पाणी आण."

"तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?" मामींनी विचारलं.

"मला कोणी विचारलं का?" ते एकदम मोठ्याने बोलले. "घर जमीनदाराच्या इस्टेटीचं, मी भाडेकरू. इस्टेट विकली गेली. माणसं आली, फाटकाशी उभी राहिली, फोटो काढले, गेली. एकही उंबऱ्याच्या आत आला नाही. मला चौथ्या मजल्यावर फ्लॅट दिलाय. गीज चालणार नाहीत म्हणे." त्यांनी खोक्यांकडे बघितलं. "एक्याऐंशी वर्षांत या घराबद्दल मला पहिला प्रश्न या पोराने विचारला. भिंत जाड का म्हणून."

मग दियाने विचारलं, "का आहे?"

"मातीची आहे. इथल्या जमिनीत पांढरी खडूची माती निघते. त्यात गवत कालवून, पायांनी तुडवून, थरावर थर घालायचे. वरचं सिमेंट माझ्या आजोबांनी थापलं. एकोणीसशे एकतीस साली. पत्रा पण त्यांचाच. जुनं सगळं झाकून टाकायचं वेड होतं तेव्हा."

"म्हणजे क्रॅडॉकने फक्त कपडे बघितले आणि माणसाचं वय सांगितलं!" तनिषा म्हणाली.

टॅपिंगना ते आवडलं असावं. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं, कोपऱ्यातली लाकडी शिडी ओढली आणि छताला असलेल्या चौकोनी झाकणाला टेकवली. "जिना म्हणायचा तर हाच. एकेक करून चढा. तुळईवर पाय ठेवा, मध्ये नको."

वर देवने टॉर्च लावला. सगळं काळं होतं. वासे, तुळया, आडवी लाकडं, एकूण एक काजळासारखी काळीकुळकुळीत. दियाने बोट फिरवलं. बोट काळं झालं. वाशांच्या मधल्या जागा मात्र नंतर ठोकलेल्या फळ्यांनी झाकल्या होत्या, त्यामुळे वरचं काही दिसत नव्हतं.

"आग लागली होती?" देवने खाली ओरडून विचारलं.

"आग लागली असती तर जळलं असतं!" खालून आवाज आला. "काजळी आहे ती! डोकं वापर!"

आणि भिंतीतून निघून छपराच्या टोकापर्यंत गेलेली दोन प्रचंड वाकडी लाकडं होती. एक या बाजूने, एक त्या बाजूने, वर एकमेकांना टेकलेली. खालच्या खोलीत ज्या वाकड्या खांबाला टॅपिंग कोट अडकवायचे, तो म्हणजे याच लाकडाचा खालचा भाग होता!

तनिषाने ऐंशी फोटो काढले. देवने प्रत्येक माप वहीत लिहिलं. आणि मामींनी शिडीवरून डोकं वर काढून एवढंच म्हटलं, "श्रीकांतला हे कसं सांगायचं?"

"सांगायचं नाही," तनिषा म्हणाली. "मामा ऐकतच नाहीत. परवा गावच्या सभेला क्रॅडॉक येणार आहे, तिथे त्याच्याकडूनच सांगवून घ्यायचं. आपण रिपोर्ट चुकीचा आहे म्हटलं, तर तो म्हणेल, टायपिंग मिस्टेक. ऑफिसमधल्या कोणीतरी केली. मला आठवतंय ना, मी आत गेलो होतो."

"मग?"

"मग त्याला आठवू द्यायचं. भरपूर!"

* * *

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता गावच्या हॉलमध्ये सभा भरली. बाहेर अजून लख्ख उजेड होता. साठेक माणसं, चहाचे कप, कडक बिस्किटं. रजेवरून परतलेल्या हेलन ब्रूक्स एका कोपऱ्यात फाइल उघडून बसल्या होत्या. अभिप्राय ऐकून त्या दुसऱ्या दिवशी सही करणार होत्या.

मिस्टर क्रॅडॉक दहा मिनिटं उशिरा आले आणि त्याबद्दल कोणाची माफी मागावी असं त्यांना वाटलं नाही. मखमली जाकीट, खिशात रेशमी रुमाल. या गावातल्या खुर्चीवर बसणं म्हणजे तिच्यावर उपकार, अशा बेताने ते बसले. मग उठून वीस मिनिटं बोलले. "ग्रामीण भावुकता" हा शब्द त्यांनी चार वेळा वापरला. 'झोपडी' म्हणताना ते प्रत्येक वेळी नाक उडवत होते. शेजारी मामा मान डोलावत होते.

"काही प्रश्न?" अध्यक्षीणबाईंनी घड्याळाकडे बघत विचारलं.

देवने हात वर केला. बाई गोड हसल्या. "बाळ, ही मोठ्यांची सभा आहे. प्रश्न फक्त गावच्या रहिवाशांनी विचारायचे."

मामांनी मान गर्रकन वळवली. पण त्याआधीच मागच्या रांगेतून टोपी घातलेली उंच आकृती उभी राहिली.

"मी रहिवासी आहे," टॅपिंग म्हणाले. "माझा वेळ या तिघांना. हरकत?"

हरकत घेण्याची कोणाची छाती झाली नाही.

देव उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज अगदी भोळा होता. "सर, मला मोठेपणी तुमच्यासारखा तज्ज्ञ व्हायचंय. तुम्ही घराच्या आत स्वतः जाता, की फोटो बघून लिहिता?"

"फोटो बघून?" क्रॅडॉक दुखावले. "मुला, मी प्रत्येक घर स्वतः तपासतो. हे घरही. चांगले दोन तास होतो तिथे."

"वरच्या मजल्यावर पण?"

"अर्थात!"

"जिना धोक्याचा नव्हता? आम्हाला भीती वाटली."

"भयंकर!" क्रॅडॉक रंगात आले. "डाव्या हाताला, अरुंद, डुगडुगता. तिसरी पायरी तर माझ्या वजनाने करकरली. पण आमच्या व्यवसायात असली जोखीम घ्यावीच लागते."

हॉलमध्ये कोणीतरी चहाचा कप खाली ठेवला. मागे एक बाई शेजारणीच्या कानाशी लागली.

आता दिया उठली. "आणि वरून बोटी दिसल्या का? मला बोटी खूप आवडतात."

"दिसल्या ना. एक लाल होती, मला वाटतं."

आता हसू फुटायला लागलं होतं. क्रॅडॉकना वाटलं, ते आपल्या विनोदबुद्धीचं कौतुक आहे. त्यांनीही स्मित केलं.

"शेवटचा प्रश्न," दिया म्हणाली. "गीज तुम्हाला कुठे चावल्या?"

"कोण?"

"गीज. मला इथे चावली." तिने पाय वर करून जांभळा डाग दाखवला.

"कसल्या गीज?" मिस्टर क्रॅडॉक म्हणाले.

आख्खा हॉल हशाने कोसळला! त्या गावात पोस्टमन, मीटरवाला, पाद्री, सगळ्यांनी त्या गीजचे चावे खाल्ले होते. खुद्द अध्यक्षीणबाईंनी नकळत आपल्या पोटरीला हात लावला. एकजण हसता हसता खुर्चीवरून घसरला.

"त्या घराला जिना नाही," तनिषा मोठ्याने म्हणाली, आणि हॉल शांत झाला. "कधीच नव्हता. शिडी आहे. मागे कालवा नाही, सलगमाचं शेत आहे. पण हा जिना आणि ह्या बोटी मिस्टर क्रॅडॉकच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये आहेत, दोन वर्षांपूर्वीच्या. दोन्ही इथे आहेत. वाक्य न्‌ वाक्य सेम आहे." तिने कागद हेलन ब्रूक्स यांच्यासमोर ठेवले. "आणि हे आमचे फोटो. आम्ही आत गेलो होतो."

"हा... हा लेखनिकाचा दोष आहे!" क्रॅडॉक उठले. "माझ्या ऑफिसमधल्या मुलीने..."

"पण तिसरी पायरी तुमच्याच वजनाने करकरली ना?" देव म्हणाला.

पंचवीस वर्षांच्या अनुभवात हा प्रश्न क्रॅडॉकना कोणी विचारलेला नव्हता. रेशमी रुमालाने कपाळ पुसत ते बाजूच्या दाराने बाहेर पडले. ते दार खुर्च्या ठेवायच्या खोलीचं निघालं, म्हणून पुन्हा आत येऊन, सगळ्यांच्या समोरून, पुढच्या दाराने गेले.

हेलन ब्रूक्स फोटोंवरून नजर उचलत नव्हत्या. त्यांनी काळ्या वाशांचा फोटो बोटांनी मोठा केला. मग वाकड्या लाकडांचा.

"ही काजळी साऱ्या छपरावर आहे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"सगळीकडे," दिया म्हणाली. "माझं बोट काळं झालं होतं."

"म्हणजे हे घर बांधलं तेव्हा चिमणी नव्हती. मधल्या खोलीत जमिनीवर चूल पेटायची, आणि धूर वाटेल तसा छपरातून बाहेर जायचा. आणि ही दोन लाकडं म्हणजे एकच वाकडं ओकचं झाड, उभं चिरून दोन केलेलं. असं बांधकाम १९३० चं नाही." त्यांनी श्वास घेतला. "बहुतेक पाचशे वर्षांहून जुनं आहे."

टॅपिंगनी टोपी काढली, बघितली, पुन्हा घातली.

"आणि मी उद्या सकाळी सही करणार होते," हेलनबाई सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "रिपोर्ट नीटस होता, म्हणून. मीही जाऊन बघितलं नाही. मला लाज वाटते." त्या तिघांकडे वळल्या. "मोठ्या पगाराच्या मोठ्या माणसांनी करायचं काम तुम्ही केलंत. आणि आमच्यापेक्षा चांगलं केलंत."

* * *

परतीच्या वाटेवर मामा नुसती गाडी हाकत होते. मिल्टन कीन्समध्ये शिरल्यावर एकेक गोल चौक येत होता. एका चौकाला मामांनी दोनदा फेरी मारली.

तिसऱ्या फेरीला देव म्हणाला, "मामा, सॉरी. तुमची सिनेमा रूम..."

"गप्प बस," मामा म्हणाले. मग गाडी चौकातून बाहेर काढत बोलले, "क्रॅडॉकला हसत होते सगळे. मला वाटत होतं, मलाच हसतायत. मी तरी कुठे आत गेलो होतो?"

दुसऱ्या दिवशी पाडकामाला मनाई करणारी नोटीस निघाली. त्याच्या पुढच्या दिवशी मामा नेदर हॅडवेलला गेले. गाडी फाटकाबाहेर ठेवली, उतरले, आणि सरळ गीजच्या अंगावर चालत गेले. अगदी सरळ जमलं नाही. दोनदा चावल्या. टॅपिंग दारात उभे राहून बघत होते, आणि त्यांनी मदत केली नाही. पण मामा शिडी चढून वर गेले, आणि खाली आले तेव्हा त्यांचे दोन्ही हात काळे होते.

"मिस्टर टॅपिंग," ते म्हणाले, "ही खोकी सोडा. तुम्ही इथेच राहा. तुम्हाला हवं तोवर."

"सहा बेडरूम्सचं काय?"

"आमच्याकडे माणसंच दोन आहेत," मामा म्हणाले.

"ते मी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं," टॅपिंग म्हणाले. "विचारलं असतंत तर."

जूनमध्ये लाकडाला बारीक छिद्रं पाडून नमुने नेले. झाडाच्या आतल्या वर्तुळांवरून ते नेमकं कधी तोडलं, हे कळतं. जुलैत पत्र आलं. ते ओक १४७१ सालच्या हिवाळ्यात तोडलेलं होतं! मामांनी फोनवर दोन्ही घरी पत्र तीन-तीनदा वाचून दाखवलं, जणू त्या हिवाळ्यात कुऱ्हाड घेऊन ते स्वतःच उभे होते. घराची राष्ट्रीय यादीत नोंद झाली. मिस्टर क्रॅडॉकचे जुने सगळे रिपोर्ट कौन्सिलने कपाटातून बाहेर काढले आणि एकेक घर जाऊन तपासायला सुरुवात केली. आणखी दोन घरांच्या रिपोर्टांत त्यांचा तो जिना सापडला. त्यातलं एक घर तर नुसत्या तळमजल्याचं होतं.

ऑगस्टमध्ये गळकं छप्पर दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा टॅपिंगनी मुलांना मुद्दाम बोलावणं पाठवलं. तिघं आली. पिनरहून, स्लाऊहून त्यांचे आईबाबाही आले. ते दियाचं आणि तनिषाचं आणि देवचं एवढं कौतुक करत होते, की टॅपिंग शेवटी म्हणाले, "पुरे! डोक्यात हवा जाईल. पोरांनी डोळे उघडे ठेवले, एवढंच. मोठ्यांनी मिटले होते."

मग त्यांनी देवकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "पण कोणी तरी विचारायला आलं. ते विसरणार नाही मी."

वर कामगारांनी शेवटचे खिळे काढले. गंजलेला पहिला पत्रा करकरत उचलला गेला आणि हेलनबाईंनी एकदम हात वर केला. "थांबा! हात लावू नका!"

पत्र्याखाली छप्पर होतं. खरं, जुनं छप्पर. गव्हाच्या काडाच्या पेंढ्या, एकीवर एक, घट्ट बांधलेल्या. वरच्या पेंढ्या पिवळट, आणि खालच्या, अगदी आतल्या, त्याच चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या. काही काड्यांना ओंब्यासुद्धा तशाच होत्या.

"पाचशे वर्षांपूर्वीचा गहू," हेलनबाई पुटपुटल्या.

मिस्टर टॅपिंग शिडी चढले. कोणी नको म्हटलं, तिकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. वर पोचल्यावर त्यांनी टोपी काढून खिशात कोंबली, आणि एका काळ्या ओंबीवर हलकेच बोट ठेवलं.

"वर या," मग ते खाली बघून म्हणाले. "तिघंही. आधी तुम्ही."